गंजाचा वैरी

आमच्या लॅबमामांचं गंजाशी हाडवैर होतं. केजच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी नोकरी स्टँड आणि चिमटे घासण्यात घालवली. "गंज म्हंजी आळस, ताई. एकदा चढला की उतरत न्हाई," असं म्हणत ते राख आणि चिंच घेऊन बसायचे. मला त्यांचं हसू यायचं आणि धाकही वाटायचा.

त्यांचं नाक मात्र यंत्राच्या तोडीचं. मी तेव्हा पीएच.डी. करत होते. उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि पॅलेडियम धातूच्या पातळ पत्र्यातून तो पलीकडच्या दालचिनीच्या तेलात मुरवायचा, असा माझा प्रयोग. मामा बाटली हुंगून सांगायचे, "दालचिनी मोडली. आता फुलावानी वास यायलाय." बाहेरच्या लॅबमधून येणारा रिपोर्टही तेच सांगायचा, पण आठ दिवसांनी.

ऊन झेलायला काचेची एक पट्टी होती आणि तिच्यावर लोखंडाच्या गंजाचा पातळ लाल थर. तो नीट बसवण्यात माझे चार महिने गेले होते. पीएच.डी.च्या समितीपुढे प्रयोग दाखवायचा होता. फसला तर काम बंद. नेमकं आदल्या दिवशी सकाळी मामा ती पट्टी मोठ्या कौतुकानं घेऊन आले. लख्ख! आरपार दिसत होतं.

"लई गंज चढलता बघा, ताई!"

मी रडत रडत सांगितलं, "मामा, तो गंजच ऊन झेलत होता." त्यांचा चेहरा बघवेना. मग म्हणाले, "म्हंजी गंजच पायजे ना? मग रडता कावून?" जन्मभर गंज काढणाऱ्याला तो कसा चढतो हे पुरतं ठाऊक होतं. लोखंडाची पातळ पट्टी घासून त्यांनी बर्नरवर धरली, चांगली तांबूस होईपर्यंत. तीन वाया गेल्या. चौथी पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तर बुडबुडे उठले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर समितीसमोर माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "जुनी पट्टी कुठंय?" मामा पुढं सरकले, पण त्याआधीच मी म्हणाले, "माझ्या हातून गेली, सर."

"आणि ही?"

"ताईंनीच केली," मामा म्हणाले.

दोघंही धडधडीत खोटं बोललो. प्रयोग मात्र खरा निघाला.

पुढं मामा निवृत्त होऊन धारूरला गेले. प्रबंध घेऊन मी त्यांना भेटायला गेले आणि आभाराचं पान वाचून दाखवलं. चौथी पट्टी मामांनी केली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मामा खूश झाले. मग हळूच म्हणाले, "पयली पट्टी घासल्याचं न्हाई का लिवलं? तेवढं बी लिवा की. न्हाईतर अर्धंच खरं ऱ्हाईल."

प्रबंध तर छापून झाला होता. म्हणून आज इथं लिहिते: मामा, घासलीही तुम्हीच.