दुसऱ्यानं वर केलेला हात

"शर्ट काढ," डॉक्टर म्हणाले.

कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सारून मंच केला होता. समोर सगळी शिफ्ट बसलेली. पहिल्या रांगेत मालक आणि पाहुणे, गळ्यात झेंडूचे हार. मी मंचावर उभा होतो आणि माझ्या उजव्या खांद्यात आग होती. डाव्या हातानं बटणं सोडायला वेळ लागला. तेवढ्यात निवेदिकेनं आरोग्य हीच खरी संपत्ती कशी, ते सांगून घेतलं.

मग बनियन. ते डोक्यावरून निघेना. तेव्हा व्यवस्थापकांनी मागून येऊन ओढून काढलं, लहान पोराचं काढतात तसं. कुणीतरी हसलं. दुष्ट हसणं नव्हतं ते. लग्नात नवरदेवाचा फेटा घसरला की लोक हसतात, तसं होतं.

आमचा कारखाना साजगावात. रंग तयार होतो, पिंपांत भरला जातो, ट्रकमध्ये चढतो. चढवणाऱ्यांत मी. या आरोग्य शिबिराच्या थोडं आधी ट्रकला लावलेल्या फळीवरून एक भरलेलं पिंप सुटलं. खाली बाळाराम उभा होता, माझा जोडीदार. मी आडवा हात घातला. पिंप थांबलं. खांद्यात जुनं धोतर फाटावं तसा आवाज झाला. बाहेर कुणाला तो ऐकू गेला नाही. मला गेला. कंपनीनं मलमाची ट्यूब दिली आणि सांगितलं, शिबिरात दाखवू.

डॉक्टर मुंबईचे. हाडांचे मोठे डॉक्टर, मालकांचे मित्र. पळसदरीला धरणाच्या अंगाला त्यांचा बंगला आहे. शनिवारी येतात, रविवारी जातात. मधल्या वेळात आमच्यावर उपकार करतात.

त्यांनी मला काही विचारलं नाही. काय झालं, कसं झालं, कुठं दुखतं, काही नाही. माझं मनगट धरलं.

"आता बघा मंडळी."

आणि हात वर नेला. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं, पण हात गेला. पार कानाला टेकला.

"सांधा मोकळा. कुठंही अडथळा नाही," डॉक्टर माइकवर म्हणाले. "दुखणं इथं नाही." खांद्यावर थाप मारली. "दुखणं इथं आहे." बोटानं माझ्या कपाळावर टकटक केलं. "ही काटक माणसं. यांच्या आज्या-पणज्यांनी भात झोडलाय. यांना विश्रांती बाधते."

टाळ्या. फोटोवाला म्हणाला, "सर, हात तसाच धरा." त्यांनी तसाच धरला. मग निवेदिकेनं माइक माझ्या तोंडाशी आणला.

"काका, आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," मी म्हणालो.

का म्हणालो, ते अजून नीट सांगता येत नाही. माइक समोर आला की आमच्याकडचा माणूस बरं वाटतंय असंच म्हणतो. आजवर एकाही समारंभात कुणाला बरं वाटत नाही असं मी ऐकलेलं नाही.

डॉक्टरांनी मनगट सोडलं. हात खाली पडला. अक्षरशः पडला, फांदी तुटल्यासारखा. पण तोवर निवेदिका आभार मानायला लागली होती आणि आभारप्रदर्शनात कुणी मंचाकडे बघत नाही.

दुसऱ्या आठवड्यात गेटवर फ्लेक्स लागला. डॉक्टर आणि मी. माझा हात आभाळात. उघडी छाती बरी दिसत नसावी, म्हणून कुणीतरी संगणकावर मला कंपनीचा टी-शर्ट घातला होता. खाली मोठ्या अक्षरांत, 'कामगारांचे आरोग्य, आमचा ध्यास'. डॉक्टरांची बोटं माझ्या मनगटाभोवती स्पष्ट दिसतात. पण फ्लेक्स बघणारा माणूस बोटं बघत नाही. वर गेलेला हात बघतो.

खोपोलीच्या वाचनालयात मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, इतिहासाची जास्त. दरबारात असे पुष्कळ हात वर झालेले आहेत. ज्याचा हात, त्याचं मत कुठंच लिहून ठेवलेलं नाही.

मला लोडिंगलाच ठेवलं. मी डाव्या हातानं ढकलायचो, उजवा नुसता लावल्यासारखा करायचो. जेवणाच्या सुट्टीत पोरं हात वर करून सलाम ठोकायची.

"काय रं, पाण्याचा जग दे की वरचा. का डॉक्टर बोलवू?"

बाळाराम हसायचा नाही. तो पिंपाचं जड टोक गुपचूप स्वतःकडे घ्यायचा. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

घरी बायकोनं फ्लेक्सचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिला होता. "फोटोत तर हात आभाळाला टेकलाय," ती म्हणाली. "हितं फळीवरचा डबा काढाया काय होतंय?"

मी डबा काढायला गेलो. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. खांदा तेवढा कानाकडे चढला. ती बघत राहिली. मग डबा तिनंच काढला.

"अवो, उद्या खालापूरला जाऊ. मी येते संगती."

खालापूरला एस.टी. थांब्याजवळ झेरॉक्सच्या दुकानामागं एक खोली आहे. तिथं फिजिओथेरपीवाली बाई बसते. कर्जतकडची, शेतकऱ्याघरची, वयानं माझ्यापेक्षा लहान. तिनं आधी नुसते प्रश्न विचारले. पिंप कुठून आलं, हात कसा होता, झोपेत कुठल्या कुशीवर जाग येते, भात कालवताना दुखतं का. मी इतका वेळ कुणाला माझ्या खांद्याबद्दल सांगितलंच नव्हतं. कुणी ऐकणारं असल्याशिवाय माणूस सांगणार तरी काय.

मग ती म्हणाली, "शर्ट काढाल का?" आणि पडदा ओढून घेतला.

त्या 'काढाल का'पाशी मी अडखळलो. ती पडद्याबाहेर थांबली. बायकोनं बटणं सोडली.

बाई आत आली. "आधी चांगला हात दाखवा."

"दुखतोय उजवा," मी म्हणालो.

"म्हायतीय. पण तुमचा चांगला किती जातो ते कळल्याबिगर वाईट किती, ते कसं कळंल?"

डावा वर नेला. कानाला लागला. मग उजवा. छातीपर्यंत, आणि तिथं थरथर. मग तिनं माझा कोपर आणि मनगट हातात घेतलं, दुखलं की सांगा म्हणाली, आणि सावकाश वर नेलं. हात गेला. पुन्हा कानाला लागला.

मला शरमच वाटली. म्हणजे डॉक्टर खरं बोलले होते. दुखणं कपाळातच होतं.

"आता मी सोडते. तुमी तुमच्या जोरावर हळूहळू खाली आणा."

तिनं सोडला. हात पडला. तिनं खाली तळहात धरलाच होता, त्यात पडला. म्हणजे तिला ठाऊक होतं.

"दादा, मी उचलला तर ती ताकद माझी," ती म्हणाली. "त्यानं सांधा मोकळा हाय एवढंच कळतं. उचलणारी दोरी धड हाय का, ते नाय कळत. ते तुमी उचलल्यावरच कळतं. तुमची दोरी फाटलीय."

मी तिला शिबिराचं सांगितलं. तिनं डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत. "मंचावर घाई असते," एवढंच म्हणाली.

तिनं पनवेलला तपासणीला पाठवलं. फाट निघाली. बरीच मोठी, पण थोडे धागे शिल्लक होते. बाईनं स्पष्ट सांगितलं की वजन बंद. अजून एक पिंप अंगावर घेतलं तर उरलंसुरलं जाईल, मग ऑपरेशन, आणि त्यानंतरही हात येईलच असं नाही.

मग तिनं एक विचित्र प्रश्न विचारला. "हात वर कशासाठी न्यायचाय?"

"म्हणजे?"

"कुणाला वेणी घालायची असते, कुणाला पोर कडेवर घ्यायचं असतं. तुमचं काय ते सांगा. त्यावर व्यायाम ठरतो."

"बनियन काढायचंय," मी म्हणालो. "कुणी न ओढता."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मंचावरचं तिला मी सांगितलं नव्हतं.

व्यवस्थापक मंचावर आम्हाला 'आमचे कामगार बंधू' म्हणतात. केबिनमध्ये 'तू'. मी पनवेलचा अहवाल पुढं ठेवला आणि हलकं काम मागितलं. त्यांनी तो वाचला नाही.

"एवढा मोठा डॉक्टर खोटा आणि झेरॉक्सच्या मागची बाई खरी?" ते म्हणाले. "सगळ्या शिफ्टसमोर हात वर गेलाय तुझा. मग खाली कसा आला?"

मी अहवाल उचलून निघालो. हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारायला हवा होता, असं मला जिना उतरताना सुचलं. मला उत्तरं नेहमी जिन्यातच सुचत आली आहेत.

थोड्या दिवसांनी त्यांनी स्वतःच बोलावलं. सुरक्षा सप्ताह होता. तेच डॉक्टर प्रमुख पाहुणे. मालकांची इच्छा होती की मी पुन्हा मंचावर यावं. शाल, श्रीफळ. बरा झालेला कामगार.

"तू फक्त उभं राहायचं. बाकी डॉक्टरसाहेब करतील," व्यवस्थापक म्हणाले. "त्यानंतर बघू तुझ्या हलक्या कामाचं."

म्हणजे बरा झालोय असं दाखवलं, तर आजारी माणसाचं काम मिळणार होतं. नाही दाखवलं, तर निरोगी माणसाचं काम करून हात जाणार होता. मी हिशोब लावून बघितला. दोन्हीकडून हात माझाच जात होता. एकीकडून सावकाश, शाल पांघरून.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "जा की," म्हणाली. "पण ह्या वक्ताला त्यांला धरू नका देऊ."

पुन्हा तेच कॅन्टीन, तेच झेंडू, तीच निवेदिका. शाल खांद्यावर पडली. तीही दुखली. डॉक्टर हसत आले, मला ओळखल्यासारखं केलं आणि मनगटासाठी हात पुढं केला.

मी एक पाऊल मागं सरलो.

"साहेब, तुम्ही नका. मी करतो."

त्यांना वाटलं, मी लाजतोय. ते पुन्हा पुढं झाले. मी हात पाठीमागं घेतला.

"हात लावू नका."

माइक चालू होता. ते सगळीकडं ऐकू गेलं. भटारखान्यातल्या बाया दारात आल्या.

मी आधी डावा वर केला. कानापर्यंत. तो तसाच ठेवला, लोकांनी नीट बघेपर्यंत. खाली घेतला. मग उजवा. छातीपर्यंत आला. शाल घसरून पडली. खांदा चढला, हात थरथरायला लागला, घाम सुटला. खाली घ्यावासा वाटत होता. नाही घेतला. तिथंच धरून ठेवला.

"एवढाच जातो," मी माइकवर म्हणालो. "त्या दिवशी साहेबांनी वर केला होता. मी नव्हता केला. माझा एवढाच जातो. आता काढा फोटो."

फोटोवाल्यानं व्यवस्थापकांकडं बघितलं. कॅमेरा खालीच राहिला.

मग मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. मला क्षणभर वाटलं, पोरांना कळलं. पण नाही. निवेदिकेनं सवयीनं खूण केली होती. पोरं टाळ्यांना सरावलेली असतात. बाळाराम तेवढा उभा राहिला होता. टाळी न वाजवता, हात खाली सोडून. तो एकटाच.

डॉक्टर म्हणाले, "जिद्द महत्त्वाची." आणि दुसऱ्या सत्काराकडे वळले.

सिनेमात इथं काहीतरी होतं. आमच्याकडं नाश्ता झाला.

मला गैरशिस्तीची नोटीस मिळाली. लोडिंगवरून काढून लेबलं चिकटवायला बसवलं. ही शिक्षा आहे, असं व्यवस्थापकांनी बजावून सांगितलं. जे मागून मिळालं नाही, ते शिक्षा म्हणून मिळालं. नोटिशीला मी उत्तर दिलं की मी जे बोललो ते माइकवर बोललोय, त्यातलं काय खोटं ते सांगा. अजून कुणी सांगितलेलं नाही. नोकरी टिकेल का, मला माहीत नाही.

मी बाईकडे जातो. घरी काठी धरून दोन्ही हात भिंतीवर सरकवतो, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढतो. सुधारणा म्हणावी तर मुंगीच्या चालीनं. कधी चार दिवस मागंच जातं. मी चिडतो. बाई म्हणते, चिडा, पण पट्टा सोडू नका. बनियन आता माझं मी काढतो. खालून, वेडंवाकडं, पण मी काढतो.

फ्लेक्स अजून गेटवर आहे. उन्हानं डॉक्टरांचा चेहरा फिका पडलाय. माझा हात अजून तिथं आभाळात.

परवा बाळाराम म्हणाला, "मी उतरवतो रं त्याला. कोण बघतंय?"

"नको," मी म्हणालो.

"का रं?"

"त्याच्या वरच्या गाठी मी सोडणार."

त्यानं फ्लेक्सकडं बघितलं, माझ्या खांद्याकडं बघितलं. "तुझा हात पोचंल तवर तो फाटून जाईल."

"मग उरलेली दोरी सोडीन."

त्या दिवशी बाईकडे गेलो तेव्हा तिला सांगितलं की बनियनचं झालं, आता व्यायाम बदला. तिनं विचारलं, आता कशासाठी वर न्यायचाय? मी सांगितलं. गाठी किती उंचावर आहेत, ते तिनं मला भिंतीवर दाखवायला लावलं. मी डाव्या हातानं दाखवलं. तिथं तिनं पेन्सिलनं रेघ मारली.

उजवा अजून त्या रेघेच्या खूप खाली आहे. शिडी मी घेणार नाही. रात्री अंधारातही जाणार नाही. भर शिफ्टला, गेट उघडं असताना जाणार. आणि तेव्हा माझ्या मनगटाला कुणाचंही बोट लागलेलं नसेल.