बांडीनं चाटलेलं सूप

तलवाड्याच्या मनकर्णाबाईचा माणसांपेक्षा शेळ्यांवर भरवसा जास्त होता. यात तिचं फारसं चुकत होतं असंही नाही. माणूस गोड बोलून काहीही गळ्यात मारतो. शेळी आधी हुंगते आणि पटलं नाही तर सरळ तोंड फिरवते. नवी पेंड आणली किंवा अनोळखी पाला तोडला, की मनकर्णा तो आधी बांडीपुढं टाकायची. बांडी ही तिची काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची म्हातारी शेळी. बांडीनं तोंड लावलं तर तो पाला कळपाला, नाहीतर उकिरड्यावर. सासूनं शिकवलेली ही रीत तिनं जन्मभर पाळली. आपल्या दावणीला एकही शेळी पाला बाधून मेली नाही, हे ती ज्याला त्याला ऐकवायची.

तिचा नवरा बंकट उभं आयुष्य शेरडामागं हिंडलेला. भाकरीवर ठेचा नसला तर ताट सरकवणारा माणूस. त्याच्या हृदयानं कच खाल्ली, पाय सुजले, चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली. बीडच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि मीठ बंद करायला सांगितलं. मनकर्णानं त्याच दिवशी मिठाची बरणी स्वयंपाकघरातून उचलली आणि गोठ्यात, शेळ्यांना चारायच्या मिठाशेजारी नेऊन ठेवली. मुलगा आणि सून तिथून चिमूट आणून ताटात वरून मीठ घ्यायचे. ती स्वतः मात्र बंकटबरोबर अळणीच खाऊ लागली. त्याला अळणी वाढून आपण चवीनं खावं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं.

सूज उतरली, पण बंकटचं मन जेवणावरून उडालं. दोन घास खाऊन तो पाणी प्यायचा आणि भिंतीकडं बघत बसायचा. एकदा म्हणाला, की तुझ्या हाताला आता चव राहिली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तो असं कधी बोलला नव्हता. मनकर्णाच्या ते फार जिव्हारी लागलं.

तेव्हा सून धनश्रीनं टोमॅटो सूपची पाकिटं आणली. बंकटला बीडच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तिचे लोक सूप पाजताना तिनं पाहिलं होतं, त्यामुळं सूप हे आजाऱ्याचंच अन्न अशी तिची समजूत झालेली. तरी पोरगी काही आंधळेपणानं देणारी नव्हती. पाकिटबंद खाण्यात काय काय विषारी असतं याचे व्हिडिओ बघून तिच्या मनात धास्ती होती. दुपारभर ती पाकिटाच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचत बसली. अवघड नावं आणि आकडे तिनं एकेक करून मोबाईलवर शोधले. रंग कशाचा, घट्टपणा कशानं येतो, नासू नये म्हणून काय घातलंय. सगळं ठरल्या मापात चालतं असं निघालं, तेव्हा कुठं तिनं आधण ठेवलं.

मनकर्णाला हे कागदी पुरावे पुरत नव्हते. स्वतः चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याच्या आधी तोंड लावून अन्न उष्टं करणं तिला ठाऊकच नव्हतं. सूप निवल्यावर तिनं थोडं वाडग्यात काढलं आणि गोठ्यात बांडीपुढं ठेवलं. बांडीनं हुंगलं आणि अशी काही चाटायला लागली, की वाडगं ढकलत ढकलत भिंतीपर्यंत गेलं. रिकामं झाल्यावरही तिची जीभ थांबेना. दुसऱ्या दिवशी बांडी खुशाल रवंथ करत बसलेली पाहिली आणि मनकर्णाचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी मनकर्णानं स्वतः सूप ढवळून वाढलं. बंकटनं पहिली वाटी एका दमात संपवली. वाटीच्या कडेला बोट फिरवून ते चाटलं आणि बायकोकडं बघून म्हणाला, "मनकर्णा, तुझ्या हाताला चव आली बघ परत."

ती पदर तोंडाला लावून हसली. मग रोज दोन्ही वेळा सूप, त्यात कुस्करलेली भाकरी; महागाचं म्हणून फक्त त्याच्यापुरतं. बंकट पुन्हा जुन्या गोष्टी सांगू लागला. त्याचा चेहरा भरल्यासारखा दिसू लागला, तेव्हा मनकर्णा शेजारणींना सांगायची, अंगाला लागतंय त्यांच्या. पाय भरल्यासारखे दिसले तेव्हा तेही अंगाला लागल्याचंच लक्षण तिला वाटलं असावं.

एका पहाटे त्याला श्वास पुरेना. बीडला नेलं. डॉक्टरांनी मीठ दिलं का विचारलं, तर चिमूटसुद्धा नाही म्हणून तिनं शपथ घेतली. ती खरंच बोलत होती. बंकट त्या दवाखान्यातून स्वतःच्या पायानं परत आला नाही.

दहावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले. शेळ्यांना मीठ चारायचं राहून गेलं होतं, म्हणून एका सकाळी मनकर्णानं गोठ्यातली बरणी उघडली आणि चपट्या दगडावर मीठ पसरलं. बांडी सगळ्यांना रेटून पुढं आली. दगड ढकलला जात नव्हता तरी ती तोंडानं ढकलत होती, आणि मीठ संपल्यावरही तिची जीभ थांबत नव्हती.

मनकर्णा बघत राहिली. मग घरात जाऊन तिनं उरलेलं पाकीट फोडलं आणि चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. आंबटगोड लागलं, आणि त्याच्या मागून मीठ. इतके महिने अळणी खाल्लेल्या तिच्या जिभेला ते झोंबलं.

धनश्री दारात उभी होती. मनकर्णानं पाकीट तिच्यापुढं धरलं.

"ह्याच्यात मीठ हाय. वाचलं न्हवतंस का पोरी?"

"वाचलं व्हतं, आत्याबाई," धनश्री कशीबशी म्हणाली. "मीठच तर हाय मनून फुडं गेले."

ती रडायला लागली. मनकर्णानं तिला जवळ घेतलं, तुझा काही दोष नाही म्हणाली, आणि ते खरंही होतं. तिनं स्वतः तरी कुणाला विचारलं होतं? मिठासाठी जीव टाकणाऱ्या जनावराला.

बंकट गेल्यापासून एकच वाक्य तिनं उशाशी ठेवल्यासारखं जपलं होतं. झोप येईना की ते आठवायचं: तुझ्या हाताला चव आली बघ परत. आता तेही तिचं राहिलं नाही.