बानं अंगठा देण्याआधी

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर तीन-चार वर्षांनी मला गंगापूरकडच्या आमच्या भिल्लवस्तीतून औरंगाबादच्या मिशन बोर्डिंगात घातलं. वस्तीवर औषधं वाटायला येणाऱ्या मिशनच्याच गोऱ्या मडमबाईंनी माझ्या बाला तयार केलं होतं. आई मात्र म्हणाली, "तिथं देव बदलत्यात म्हणं. पोर आपली ऱ्हाईल का?"

ती धास्ती मीही सोबत घेऊन गेले. प्रार्थनेला सगळ्यांसारखे डोळे मिटायचे, पण मनात वस्तीवरच्या शेंदूर लावलेल्या देवालाच हाक मारायचे. भिल्ली बोललं की मडमबाई रागवत नसत, नुसतं "मराठीत सांग" म्हणत. हळूहळू मला स्वप्नंही मराठीत पडू लागली. आईला हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

एके दुपारी बा फाटकाशी उभा दिसला. मला न्यायलाच आला, असं वाटलं. त्यानं मुंडाशातून घडी घातलेला कागद काढला. सरकारी कागद तेव्हा उर्दूऐवजी मराठीत यायला लागले होते.

"पाटलानं दिलाय. जमीन माझ्या नावावर व्हनार म्हनतो. उद्या अंगठा द्यायचाय. वाच."

मी अक्षराला अक्षर जोडत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"बा, तू जमीन सोडतोस, असं लिहिलंय यात."

"नीट बघ. चुकली असशील."

खरंच चुकले असले तर? मी कागद घेऊन मडमबाईंकडे धावले. त्यांना वाचायला माझ्याहून जास्त वेळ लागला. शेवटी म्हणाल्या, "बरोबर वाचलंस."

मी परत येऊन सांगितल्यावर बानं कागद पुन्हा मुंडाशात खोचला. निघताना म्हणाला, "अंगठा देत नाय. पन तिथं पाटलाम्होरं मी एकटाच हाय."

पंधरा दिवस काहीच खबर नव्हती. मग मडमबाई वस्तीवर जाऊन आल्या. बानं अंगठा दिला नव्हता. पाटलाच्या मळ्यातलं त्याचं काम सुटलं होतं, पण जमीन तोच कसत होता.

पुढच्या वर्षी बा स्वतःच वस्तीतल्या दोन पोरींना घेऊन आला. त्यांच्या आया फाटकाबाहेर रडत होत्या. "त्यांना धीर दे," मडमबाई मला म्हणाल्या. मी बाहेर गेले आणि त्यांना भिल्लीतच सांगितलं, "बाचा कागद मीच वाचला होता."