डाव्या गालातली गोळी

२६ नोव्हेंबर १९७४, मंगळवार. उकळत्या पाण्यातून चिमटे काढून मी पुसत होते. समोरच्या खुर्चीत पाच वर्षांची शालन तोंड गच्च मिटून बसली होती. चूक माझीच होती. पाच मिनिटांपूर्वी तिने शहाण्यासारखा आ केला होता आणि रोजच्या गोळीचं ऐकून मी तिच्या आईला म्हणाले होते, "तो गोळ्यांचा डबा आजच्या आज फडताळावर टाका."

साताऱ्यात माझा दातांचा दवाखाना होता. शालनच्या उजव्या बाजूचे दात स्वच्छ होते. डावीकडे मात्र खालच्या दोन दाढा किडलेल्या, त्यातली एक तर हिरडीपर्यंत गेलेली. गोड खाणाऱ्या मुलांचे दात सहसा दोन्हीकडे किडतात. एकाच बाजूला कीड दिसली, की तिथे काहीतरी धरून ठेवलं जातं असं समजायचं.

"आवं बाई, बिस्कुट न्हाई, च्या न्हाई," तिची आई हिराबाई म्हणाली. "दिसाला लिमलेटची एक गोळी. ती बी तिचं आण्णा देऊन गेल्यात म्हनून."

आण्णा म्हणजे शालनचे वडील, फौजेत. रजा संपवून जाताना त्यांनी फौजेच्या कँटीनमधला गोळ्यांचा डबा तिच्या हातात दिला होता. रोज एक खा, डबा संपला की मी आलोच.

दिवसाला एका गोळीने दाढ अशी जात नाही. मी स्टूल ओढून शालनपाशी बसले.

"एक गोळी किती वेळ पुरते गं?"

शालनने परकराचा खिसा मुठीत धरला.

"सांग की," आई म्हणाली. "डाक्टरीनबाई काय खात न्हाईत तुला."

शालनने परकराच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत चोखून काचेच्या टिकलीएवढी उरलेली गोळी.

"ही कधीची?"

"परवाची."

"कारटे! आन मला म्हंतीस रोज खाती!"

"दिवाळीची रजा मिळाली न्हाई म्हून पत्र आलं," शालन आईकडे न बघता मला म्हणाली. "डबा संपला आन आण्णा न्हाईच आलं तर?"

हिराबाईने पदर तोंडाला लावला. माझे यजमान सांगलीला नोकरीला होते, आम्ही रविवारी भेटायचो. त्यांनी आणलेले पेढे मी बुधवारपर्यंत पुरवायची, तेही दातांची डॉक्टर असून.

म्हणून पोरीला न रागावता धंद्यातलं तेवढं सांगितलं. गोड किती खाल्लं यापेक्षा ते तोंडात किती वेळा आणि किती वेळ राहिलं, हे दाताला जास्त बाधतं. प्रत्येक वेळी गोडावर तोंडात आम्ल तयार होतं, आणि ते ओसरायला अर्धा तास तरी लागतो. शालन दिवसभर चघळायची, तिच्या दाढेला तो अर्धा तास कधी मिळतच नव्हता. म्हणून गोळी खायचीच तर जेवणाबरोबर, एका बैठकीत, आणि वर खळखळून चूळ. मधल्या वेळेला शेंगा, फुटाणे, काकडी. प्यायला पाणी, नाहीतर ताक.

"मग डबा संपंल," शालन म्हणाली.

पुडी मिटता मिटता तीच म्हणाली, "गोळी काढली की डब्यात तिथं शेंग ठेवली तर? आण्णांना शेंगा लय आवडत्यात."

"ठेव की," मी म्हणाले. तिने आपणहून तोंड उघडलं.

एक दाढ काढावी लागली. दुसरीत मी सिमेंट भरलं. आण्णा कधी आले ते मला कळलं नाही, पण त्या पोरीचा दुसरा दात काढायची वेळ आली नाही. मुलाच्या हातातला खाऊ बदलायचा असेल, तर तो त्याला कुणी दिला हे आधी विचारावं. कॉलेजात हे शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केसपेपरवर वयाच्या खाली हाताने एक रकाना वाढवला: घरातलं कोण बाहेरगावी आहे?

"दातांचा दवाखाना का शिरगणती?" नर्स मालनताई म्हणाली.

पहिली बाई तीन पोरं घेऊन आली. मी प्रश्न वाचला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाई, आमच्या गावात घरी कोन हाय ते इचारा," ती म्हणाली. "लिवायला सोपं जाईल."