गुण्याचं वय

प्रसूतिगृहात डॉक्टर त्यांना 'सिस्टर' म्हणत आणि बाकी सगळे पाठीमागे, कधीकधी तोंडावरही, 'टाचबाई'. कारण तेवीस वर्षं त्यांचं मुख्य काम एकच होतं. बाळ दोन दिवसांचं झालं की त्याची टाच कोमट फडक्यात धरायची, स्पिरिटने पुसायची, कडेला बारीक सुई टोचायची, पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा आणि पुढचे थेंब टिपकागदाच्या कार्डावरच्या पाच गोलांत एकेक करून उतरवायचे. टाच पिळायची नाही. कार्डं एकावर एक ठेवायची नाहीत, सावलीत आडवी वाळवायची, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. 'नावावर' हे आपलं म्हणायचं, कारण बाळाला अजून नाव नसे. कार्डावर आईचं नाव, पुढे 'चं बाळ' आणि वय तासांत.

काही आजार बाळ येताना बरोबर घेऊन येतं, पण चेहऱ्यावर दाखवत नाही. थायरॉईडचंच घ्या. ग्रंथी काम करत नसली तरी बाळ धडधाकट दिसतं, मेंदूची वाढ मात्र आतल्या आत अडते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर गेलेलं परत मिळत नाही.

सुई टोचल्यावर बाळाने टाहो फोडला की टाचबाईंचा चेहरा उजळायचा. "रड, रड, छप्पर उडू दे!" असं त्या म्हणत. वॉर्डातल्या आयाबाई सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या टाचबाईंना पोर रडवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही." टाचबाईही हसत. पण एखादं बाळ सुई टोचल्यावर नुसतं कुरकुरून पुन्हा झोपलं आणि आई कौतुकाने म्हणाली, "किती गुणाचं आहे नाही?" की त्यांचं हसू मावळायचं. मग दिवसभर त्या पुन्हा पुन्हा त्याच पलंगापाशी येऊन उभ्या राहत.

हे का, ते वॉर्डात कुणाला ठाऊक नव्हतं. टाचबाईंनी लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचा भाऊ राहत. भावाला घरात सगळे 'गुण्या' म्हणत आले. तो जन्मला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. आई शिवणाच्या कारखान्यात जाताना सांगून जायची, "रडला की शेजारच्या मावशींना हाक मार." तो रडलाच नाही, म्हणून यांनी हाकही मारली नाही. त्याची जीभ ओठांबाहेर यायची, हातपाय गार असायचे, दूध पाजायला उठवावं लागायचं. सगळे म्हणायचे, पोर लाखात एक आहे. आई म्हणायची, हा माझा गुण्या.

अकराव्या वर्षी एका डॉक्टरांनी ओळखलं आणि गोळी सुरू केली. अंग थोडं वाढलं. डोक्याची वेळ मात्र टळून गेली होती. डॉक्टर आईला म्हणाले, "पहिल्या महिन्यात कळलं असतं तर..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

त्या 'असतं तर'मधून टाचबाईंचा दुसरा भाऊ जन्माला आला.

हा भाऊ उंच होता. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एका दमात चढायचा. टाचबाई कुलूप उघडत असल्या की खालून त्याची पावलं ऐकू यायची, घाईची, जोडे वाजवत येणारी. वळून बघावं तर कुणी नाही. कधी दारातून आत येताना तो चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकतोय असं वाटायचं. वर्षं गेली तसा तोही वयात आला, पोक्त झाला, आणि दोनेक वर्षांपूर्वी तर त्याचे कानशिलावरचे केस पिकलेले दिसले. टाचबाई काही खुळ्या नव्हत्या. हे खरं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण खरा भाऊ आतल्या खोलीत बटणं रंगांप्रमाणे डब्यांत लावत बसलेला असताना हा जिन्यावरचा भाऊ त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी त्यांनाच सुई टोचायला नेलं असतं.

आईने मरताना एकच गोष्ट बजावली होती, "त्याचं वय कुणाला सांगू नकोस गं. हसतात." गुण्या पाठमोरा दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसे. कुणी विचारलंच, तर टाचबाई विषय बदलत. बावन्न वर्षांच्या झाल्या तरी तो शब्द त्यांनी मोडला नव्हता.

मग एके सकाळी प्रयोगशाळेचा फोन आला. एका कार्डावरच्या थेंबांत थायरॉईडच्या तपासणीचा आकडा फार वर गेला होता, म्हणजे ग्रंथी काम करत नसावी. बाळाला ताबडतोब परत आणा, पुन्हा रक्त तपासायचं आहे. ऑफिसातल्या कारकुनाने घरचा नंबर लावला, तर तो नंबर अस्तित्वातच नव्हता. कुठलातरी आकडा चुकला होता.

"पत्र टाकतो की," कारकून म्हणाला.

"बाळ किती दिवसांचं झालं?"

त्याने बोटांवर मोजलं. "आज बारावा."

"तुमचं पत्र पोहोचून वाचलं जाईपर्यंत बाळ बोलायच्या वयाचं होईल. बोललं तर!" टाचबाईंनी पत्ता उतरवून घेतला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

गुण्याला सांभाळणाऱ्या शेजारीणबाई नेमक्या परगावी गेल्या होत्या. तो सकाळपासून आयाबाईंच्या खोलीत घड्या घालत बसला होता. त्याला घेऊनच निघावं लागलं.

घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. बाळाचा बाप ट्रक घेऊन लांब गेलेला. घरात बाळाची आई आणि आजी. आजीने दारातच अडवलं.

"काय झालंय आमच्या बाळाला? बघा तरी. याच्या बापाने मला तीन महिने डोळ्याला डोळा लावू दिला नाही. हे देवमाणूस आहे देवमाणूस. रडणं म्हणून माहीत नाही."

"आजी, म्हणूनच आले मी."

"म्हणजे? रडलं तरी तुम्ही बोलणार, नाही रडलं तरी बोलणार!" आजी सुनेकडे वळली. "ऐकलंस का? गुणाचं पोर झालं, हाच याचा गुन्हा."

सून बाळाच्या तोंडाशी वाटी-चमचा धरून बसली होती आणि दूध ओठांच्या कडेने परत येत होतं.

"तुमचा कागद चुकत नाही का कधी?" आजीने विचारलं.

"चुकतो ना. म्हणून तर परत रक्त घ्यायचं. चुकला असेल तर मी इथे येऊन तुमची माफी मागेन. पण आज चला."

"आज नाही. मुलगा येऊ दे. पंधरा दिवसांनी येतोय तो, मग बघू."

पंधरा दिवस. तोवर बाळाचा सत्ताविसावा दिवस उजाडला असता. समजावून सांगायचं तेवढं त्या सांगत होत्या, ग्रंथी, गोळी, मेंदू, आणि प्रत्येक शब्द आजीच्या पदरावरून घरंगळून खाली पडत होता.

एवढ्यात गुण्या पुढे सरकला होता. त्याने बाळाची टाच दोन बोटांत धरली, अगदी टाचबाई धरत तशी.

"गार," तो म्हणाला. "ताई, गार आहे हे."

आजीने त्याला आता नीट पाहिलं. पाठमोरं मूल वाटलं होतं, वळल्यावर चेहऱ्यावर सुरकुत्या आणि हनुवटीवर चार पांढरे केस.

"हा कोण?"

"माझा भाऊ."

"वय काय याचं?"

टाचबाईंनी सवयीने खिडकीकडे पाहिलं. विषय बदलायला खाली सायकली होत्या, ऊन होतं, काहीही होतं. सून वाटी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"त्रेचाळीस," टाचबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "त्रेचाळीस पूर्ण. हाही रडत नव्हता, आजी. आम्हीही याला गुणाचा म्हणत होतो."

खाली कुणीतरी चाक फिरवत होतं, त्याची टिकटिक तेवढी वर येत होती. मग सून उठली. सासूला न विचारता तिने खुंटीवरची शाल काढली, बाळाला गुंडाळलं आणि चपला पायात सरकवल्या. आजी म्हणाली, "अगं, थांब," आणि मग, "दार तरी लावू दे," म्हणत तीही मागोमाग निघाली.

कागद चुकला नव्हता. दुपारीच पुन्हा रक्त घेतलं, आकडा तसाच आला. गोळीचा तुकडा आईच्या दुधात चमच्यावर विरघळवून बाळाला दिला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

घरी परतताना गुण्या जिना चढत होता. प्रत्येक पायरीवर तो दोन्ही पाय टेकवून थांबे. टाचबाई त्याच्या मागे होत्या.

"ताई, त्रेचाळीस म्हणजे म्हातारा का?"

"नाही रे. मध्यम."

आणखी चार पायऱ्या झाल्या.

"मी पण रडत नव्हतो?"

"नव्हतास."

"मग तू काय करत होतीस?"

त्याने सहज विचारलं होतं, जेवलीस का विचारावं तसं. या प्रश्नाचं उत्तर टाचबाईंनी बत्तीस वर्षं तयार करून ठेवलं होतं. ते त्यांनी दिलं नाही.

"खेळत होते," त्या म्हणाल्या. "अंगणात. तू झोपलास की मला खेळता यायचं, म्हणून मी तुला उठवत नव्हते."

"बरं," गुण्या म्हणाला आणि पुढची पायरी चढला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो नेहमीसारखा भिंतीला चिकटून उभा राहिला. लहानपणापासूनची ही खोड. जिन्याची भीती असेल, म्हणून टाचबाईंनी कधी विचारलं नव्हतं.

"का रे असा भिंतीला चिकटतोस?"

"त्याला जागा द्यायला."

"कुणाला?"

"तो दोन-दोन पायऱ्या चढतो ना. घाई असते त्याला."

टाचबाईंनी मागे वळून पाहिलं. जिन्यात ते दोघेच होते. वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप पायऱ्यांवर पडली होती. त्यांनी कान दिला. पावलं नव्हती.

"गेला का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

गुण्याने वर पाहिलं, मान वाकडी करून, लक्षपूर्वक.

"नाही. आज आपल्या दारापाशी बसलाय," तो म्हणाला. "चल ना ताई, किती वेळ बसेल तो?"