भरून येणारी बॅटरी

माझा नवरा म्हणतो, बॅटरीचं दुकान काढण्यापेक्षा मी पोलिसात जायला हवं होतं. गिऱ्हाईक "काल रात्रीपर्यंत चांगली चालत होती" म्हणालं, की मी आधी बॅटरीचं बूच उघडते आणि मग त्याच्या तोंडाकडं बघते. वर्षभर पाणी घातलेलं नाही, हे दोन्हीकडं दिसतं. संशय हा माझ्या धंद्याचाच भाग आहे, आणि खरं सांगायचं तर स्वभावाचाही. तो सख्ख्या बापावर घ्यायची वेळ येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

अण्णा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि त्यांनी बोट घेतली. देवळाली प्रवरेत, चारी बाजूंनी ऊस असताना, बोट! भंडारदऱ्याला पर्यटकांना फिरवणाऱ्या एकानं धंदा गुंडाळला, त्याच्याकडून फायबरची छोटी बोट आणि तिच्या मागं लावायची बॅटरीवरची मोटर घेऊन आले. बोट ठेवायला दोन चाकांचा गाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, तो आपल्या जुन्या जीपला जोडला आणि दर रविवारी मुळा धरणावर गळ टाकायला जायला लागले. आई म्हणाली, "लोक म्हातारपनी देव देव करत्यात, तुजा बाप मासं मासं करतोय." पण बाकीचे सहा दिवस ओट्यावर बसून रस्ता बघणारा माणूस शनिवारी संध्याकाळपासून शीळ घालायला लागायचा, हे तिलाही दिसत होतं.

बॅटरी माझ्याच दुकानातली. वायरिंगही मीच केलं. जीपपासून मागच्या हुकापर्यंत जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज आणि रिले बसवला. जीपचं इंजिन चालू असेल तोवर बोटीतली बॅटरी चार्ज होणार, इंजिन बंद केलं की रिले ती वाट तोडणार. पण मी अण्णांना बजावलं होतं, की धरणापर्यंतच्या रस्त्यात ती जेमतेम थोडी भरेल. दिवसभर मोटर चालवली तर घरी आल्यावर रात्रभर चार्जरला लावावीच लागेल. म्हणून रविवारी संध्याकाळी मी सासरहून, म्हणजे दोन गल्ल्या ओलांडून, चार्जर लावायला माहेरी जायची.

दिवाळीनंतर बॅटरी भरलेली यायला लागली.

पहिल्यांदा मी मीटरवर संशय घेतला. दुसरा मीटर आणला, त्यानंही तेच सांगितलं. मग वाटलं, माझं वायरिंगच फार झकास झालं असेल. पण इंजिनावर वीज करणारा जीपचा अल्टरनेटर काही जादू करत नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, आज मोटर बरीच चालवली का?"

"चालवली की. पार पल्याडच्या काठापतूर गेल्तो."

पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलेली बॅटरी अशी टवटवीत राहत नाही. पिशवीत रोहू मासे होते, ते मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर घेतले. गळाला लागलेल्या माशाच्या ओठाला भोक पडतं. यांचे ओठ धड होते, आणि कल्ल्यांच्या मागं जाळ्याचा वळ उठला होता. मासे विकत आणलेले होते.

मी हे आईला सांगायला नको होतं. तिनं लसूण सोलता सोलता क्षणात हिशोब लावला. "म्हंजी धरनावर जातच न्हाई. कुनाच्या तरी घरी जातोय, बॅटरी त्यांच्या लाइटीवर लावतोय, आन् चार-चार तास तिथं बसतोय."

"आई, कुणाच्या घरी?"

"ते तू इचार. मी इचारलं तर लई वाढल."

मला हसू आलं, पण घरी जाताना हसू राहिलं नाही. धरणाच्या वाटेवर कारखान्यातली किती ओळखीची घरं आहेत, हे मी मनात मोजायला लागले. त्या आठवड्यात आईनं मला स्पष्टच सांगितलं. खरं काय ते कळलं नाही तर ती जीपची चावी काढून घेणार आणि बोट गिऱ्हाईक येईल त्या भावात विकणार. अण्णांचा एकुलता एक रविवार जाणार होता. तो जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते खोटं का बोलतात हे कळल्याशिवाय मला झोप येत नव्हती.

पुढच्या रविवारी मी स्कूटीवरून त्यांच्या मागं निघाले. बरंच अंतर ठेवलं होतं. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की जीप रस्त्याच्या मधोमध चालली होती. मागचे हॉर्न मारत होते, समोरून येणारे शिव्या घालत होते. एका ठिकाणी कडेला उसाची ट्रॉली उभी होती, तिच्या अगदी अंगाला घासून बोट गेली. सकाळी सकाळी घेतली की काय, असंही मनात आलं. म्हणजे आता तोही संशय.

जीप कुठल्याही घरापाशी थांबली नाही. सरळ धरणावर गेली आणि पाण्याकडं उतरणाऱ्या वाटेच्या वर, बाभळीखाली उभी राहिली. मी लांब थांबून पाहत राहिले. अण्णा खाली उतरले नाहीत. ते सीटवर बसून पाण्याकडं बघत होते. खूप वेळानं त्यांनी फडकं सोडलं आणि भाकरी खायला लागले. बोट मागं गाड्यावर तशीच, दोर बांधलेली.

माझं डोकं तडकलं. मी तरातरा गेले आणि जीपच्या डाव्या खिडकीशी उभी राहिले. मध्ये फक्त रिकामी सीट. लाल ओढणी, कमरेवर हात. अण्णांनी समोर बघत घास मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. नाटक करतायत, मला वाटलं. मी हात वर केला. तो हलवला. ते चावत राहिले.

मग मला कळलं. मी पुढून वळसा घालून उजव्या बाजूला गेले, तेव्हा ते इतके दचकले की भाकरी मांडीवरून खाली पडली.

"किती दिवस झाले, अण्णा?"

त्यांनी आधी भाकरी उचलून झटकली. "दिवाळीच्या आधीपास्नं. काचबिंदू हाय म्हनला डॉक्टर. डावा डोळा गेला तो गेला. उजव्यात थेंब घालायचं, म्हंजी तो ऱ्हाईल."

"आणि बोट?"

"गाडा मागं घेताना डावं चाक दिसत न्हाई. एकदा वाट सोडून खाली गेलं, जाळंवाल्यांनी वढून काढलं. पुन्यांदा बोलावलं आसतं तर त्यांनी इचारलं आसतं, बाबा, दिसत न्हाई का?"

"मग येता कशाला?"

"घरी बसलो आसतो तर तुमी इकली आसती."

मला त्यांचा भयंकर राग आला. तसल्या रस्त्यावरून, तसल्या उसाच्या गर्दीतून हा माणूस अर्ध्या नजरेनं बोट ओढत होता, आणि मी घरी मीटर लावत होते, मासे तपासत होते. एखादं पोर सायकलवर डाव्या बाजूनं आलं असतं तर? मी ते तसंच, ओरडून बोलले. त्यांनी मान खाली घातली.

"चावी द्या."

त्यांनी लगेच दिली. हुज्जत घालतील म्हणून मी तयारीत होते, ती तयारी वायाच गेली.

"आईला सांगशील?"

"सांगणार. जीप आता तुम्ही चालवायची नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फडक्याला गाठ मारत बसले. गाठ बसली तरी सोडून पुन्हा मारत होते.

मी बोटीच्या दोराची गाठ बघून आले. मग म्हटलं, "उतरा. मागं जाऊन उभे राहा."

दुकानाचा टेम्पो मी रोज चालवते, पण गाडा जोडून मागं जाणं म्हणजे अवघड काम. बोट कधी बाभळीवर जायची, कधी आडवी व्हायची. अण्णा चपला काढून पाण्यात उभे राहिले आणि वर्कशॉपमध्ये ट्रकला द्यायचे तशा आवाजात ओरडायला लागले. "येऊ दे! गाडा उजवीकडं पायजे तर स्टेरिंग डावीकडं मार! उलटं आसतंय ते! येऊ दे, येऊ दे... बास!"

बोट पाण्यात तरंगली. मी जीप वर काढून, स्कूटीला कुलूप लावून आले तर ते मोटरपाशी बसले होते आणि एक लाइफ जॅकेट माझ्यापुढं धरलं होतं. मला पोहता येत नाही. या बोटीचं सगळं वायरिंग मी केलं होतं, पण तिच्यात कधी बसले नव्हते. जॅकेटचे पट्टे आवळले आणि त्यांच्या डाव्या बाजूच्या फळीवर जाऊन बसले.

मोटरचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. काठ मागं गेला. अण्णा समोर बघत होते.

"डावीकडं काय काय हाय?" त्यांनी विचारलं.

"जाळ्यांना बांधलेले डबे तरंगतायत," मी म्हटलं. "जरा उजवीकडनं घ्या."