हाकेच्या अकरा ओळी

विभागात तिला घेतलं होतं ते टायपिंगसाठी, तीन महिन्यांपुरतं. त्याला आता एकतीस वर्षं झाली आणि ते तीन महिने काही संपले नव्हते. हुद्दा अजून हंगामीच होता, केस मात्र कायमचे पांढरे झाले होते. विद्यार्थी तिला नक्कलबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण जिन्यात आवाज घुमतो एवढं त्या शहाण्यांना कळायला हवं होतं.

तसं काम नकलेचंच होतं. मध्ययुगातल्या शिलेदारांच्या कथा, चामड्याच्या पानांवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेल्या. मूळ पोथ्या दूरच्या ग्रंथालयांत कुलपाआड, विभागाकडे त्यांचे फोटो. नक्कलबाई फोटो बघून ओळ न् ओळ उतरवून काढायची. ती जुनी लिपी तिला सरांनी शिकवली. सर म्हणजे विभागातले सगळ्यांत जुने प्राध्यापक. उभं आयुष्य त्यांनी एकाच कथेच्या मागे घालवलं, आणि तिचंही बरंचसं त्यातच गेलं.

नक्कल झाली की दोघं ती ताडायला बसायचे. लांब टेबलाच्या एका टोकाला ती आपली नक्कल मोठ्याने वाचणार, ठिपक्या-रेघांसकट. दुसऱ्या टोकाला सर फोटोतल्या ओळीखालून पेन्सिल सरकवत ऐकणार. फरक दिसला की पेन्सिलीचा टेबलावर एक ठोका. टक्. ठोका पडला की तोंडातला शब्द अर्धा असला तरी थांबायचं, असा नियम. या नियमाची तिला एवढी सवय झाली होती की घरी धाकट्या बहिणीने कांदा चिरताना सुरी फळीवर आपटली तरी ही बोलता बोलता गप्प व्हायची.

"सरांनी बरं शिकवून ठेवलंय तुला," बहीण म्हणायची. ती नर्स होती आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा जास्त टोचायची. "मलाही एक पेन्सिल घ्यायला हवी."

सरांची ती कथा तशी साधी. किल्ल्यात अडकलेला मित्र, त्याला सोडवायला निघालेला शिलेदार, आणि मधे एक पूल. पुढे शेकडो वर्षं लोकांनी ही कथा पुन्हा पुन्हा लिहिली. तिची गाणी झाली, नाटकं झाली, उशाला घ्याव्यात एवढ्या जाड कादंबऱ्या झाल्या, मुलांची चित्रांची पुस्तकं झाली. सगळ्यांत एक प्रसंग ठरलेला. संध्याकाळी पुलाशी आल्यावर शिलेदाराला भीती वाटते आणि तो खंदकात लपतो. वरून मित्र त्याला हाका मारतो, रात्रभर, आणि हा कानांत माती भरून पडून राहतो. सकाळी तो पुन्हा पुलाशी येतो तेव्हा हाका थांबलेल्या असतात. नाटकवाल्यांनी त्या मित्राला मेल्यावरही हाका मारायला लावलं. कादंबरीवाल्यांनी त्या हाका शिलेदाराच्या डोक्यात नेऊन ठेवल्या, पार म्हातारपणापर्यंत.

फक्त सगळ्यांत जुन्या पोथीत हा प्रसंग नव्हता. म्हणजे, नक्कलबाईच्या नकलेत नव्हता. तिथे शिलेदार पुलाशी आला आणि सरळ पुलावरून गेला. सरांनी त्यावर निबंध लिहिला आणि तो गाजला. मूळ शिलेदार निर्भय होता. भीती नंतरच्या लेखकांनी त्याच्या अंगाला चिकटवली, आणि आजच्या कादंबऱ्यांतला कच खाणारा नायक त्या चिकटवलेल्या भीतीतूनच जन्मला, असं त्यात होतं. देशोदेशीहून पत्रं आली. पुढे ग्रंथालयाचं छप्पर गळून ती पोथी भिजली, वाचण्यापलीकडे गेली. उरले फक्त विभागातले फोटो, दोन संच. एक नकलेसाठी तिच्याकडे, एक ताडण्यासाठी सरांच्या कपाटात.

निबंध छापून आल्यावर चार महिन्यांनी तिने दुसऱ्याच एका शब्दासाठी आपल्या संचातला त्या पुलाच्या पानाचा फोटो काढला आणि तिचं बोट एका ओळीवर थांबलं. एक ओळ संपत होती 'पुलाशी आला' अशी. तिच्याखालची अकरावी ओळही संपत होती 'पुलाशी आला' अशीच. नक्कल करताना तिचा डोळा पहिल्यावरून उठला आणि दुसऱ्यावर जाऊन बसला. नकलाकारांची ही हजार वर्षांची जुनी खोड. दुसऱ्यांच्या पोथ्यांतल्या असल्या उड्या ती चुटकीसरशी पकडायची. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

ती सरांच्या दारापर्यंत गेली होती. आत फोनवर कुणीतरी सरांचं अभिनंदन करत होतं आणि सर लहान मुलासारखे हसत होते. ती परत फिरली. त्या दिवशी ताडताना सरांचे डोळे थकले असणार, म्हणून निसटलं, असं तिने मनाशी ठरवलं आणि फोटो पाकिटात घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ तिने बारा वर्षं झाकून ठेवली आणि बारा वर्षांत सरांच्या नजरेला धड नजर दिली नाही. सर मात्र येईल त्याला सांगायचे, "बाईंच्या नकलेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो."

गेल्या थंडीत सर गेले, घरीच, झोपेत. आता त्यांचं पुस्तक निघत होतं. त्यात सगळ्या पोथ्यांचा पाठ आणि पुढे तो निबंध. विभागप्रमुख बाईंनी प्रुफांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

"शुक्रवारपर्यंत हवीत, ताई. शेवटचा हात तुमचाच. आणि या वेळी आतल्या पानावर तुमचं नाव येतंय, 'नक्कल आणि पडताळणी' म्हणून."

ती "बरं" म्हणाली, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. एकतीस वर्षांत तिचं नाव कुठेच छापलं गेलं नव्हतं. आता येणार होतं तेही त्याच पुस्तकात, त्याच भोकासकट. एकदा छापलं की पुढचे सगळे लेखक, अभ्यासक त्यावरच विसंबणार होते. बोलायची ही शेवटची संधी होती आणि तिला बोलायचं धाडस नव्हतं.

मंगळवारी ती वाचायला बसली. समोर कुणी नव्हतं, तरी मोठ्याने वाचल्याशिवाय तिला जमेना. खाली सायकली लावण्याचे खणखणाट, टेबलावर ऊन. नवव्या पानावर ठोका पडला. टक्.

ती थांबली. समोरची खुर्ची रिकामी होती. तिने खिडकीची कडी बघितली, पाण्याच्या पाइपला हात लावला, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग परत येऊन ओळीवर बोट ठेवलं, तर बोटाखालचा एक शब्द छापताना गळला होता. संध्याकाळपर्यंत सात ठोके पडले आणि सात चुका निघाल्या. एकही ठोका वाया गेला नाही.

"पाइप असेल गं," बहीण म्हणाली.

"पाइपला जुनी लिपी वाचता येते?"

बहीण हसली. मग हसायची थांबली. "उद्या जाऊ नकोस. रजा टाक."

"शुक्रवार गाठायचाय."

"तुला भीती नाही वाटत?"

भीती वाटत होती, पण ठोक्यांची नव्हे. ठोके ओळखीचे होते. बुधवारी तर एकदा तिच्या तोंडून सवयीने "हो, सर" निघून गेलं. भीती दोनशे बाराव्या पानाची होती. तिथे ठोका पडला की सर मेल्यानंतर तिची चोरी त्यांना कळणार होती, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला एकशेनव्वदाव्या पानापासूनच धडधडायला लागलं.

गुरुवारी दुपारी ते पान आलं. तिने घोटभर पाणी पिऊन वाचलं, 'पुलाशी आला'. श्वास घेतला. 'आणि पुलावरून गेला.'

ठोका पडला नाही.

तिने पुन्हा वाचलं, मोठ्याने. तिसऱ्यांदा वाचलं, एकेक अक्षर सुटं करून. टेबल गप्प. तिला हायसं वाटलं. सर नसतीलच, पाइपच असेल, असं म्हणत ती पुढच्या पानावर गेली. तिसऱ्याच ओळीत एक अक्षर उलटं छापलं होतं. ती तिथे पोचते न पोचते तोच, टक्.

तिने मागचं पान पुन्हा समोर घेतलं. म्हणजे सर होते, कान देऊन ऐकत होते, आणि ती एक जागा त्यांनी मुद्दाम जाऊ दिली होती.

सरांच्या कपाटाची किल्ली आता तिच्याकडेच होती. त्यांचा संच तिने आजवर कधी उघडला नव्हता. तो फोटो काढून तिने उन्हात धरला. अकरा ओळींच्या कडेने, वरून खालपर्यंत, पेन्सिलीची एक बारीक सरळ रेघ होती आणि तिच्याशेजारी सरांच्या अक्षरात तारीख. दोघांनी बसून ते पान ताडलं त्याच दिवसाची.

त्या दिवशी ती वाचत पुढे गेली होती. सरांची पेन्सिल ओळीखालून सरकत होती, त्यांनी त्या अकरा ओळी पाहिल्या, कडेने रेघ ओढली, पण ठोका दिला नाही. आणि नंतर बारा वर्षं ते लोकांना सांगत राहिले की बाईंच्या नकलेवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तिला संताप आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. त्या एका दिवसासाठी दोघांनीही एवढी वर्षं एकमेकांची नजर चुकवली होती.

तिने लाल पेन घेतलं. फोटो समोर ठेवून दोनशे बाराव्या पानाच्या समासात अकरा ओळी उतरवल्या, बारीक, एकही अक्षर न खोडता. खाली लिहिलं, 'या ओळी नक्कल करताना गळल्या होत्या. चूक माझी.' सही केली. सरांच्या रेघेबद्दल काहीच लिहिलं नाही. आता निबंध कोसळणार, प्रमुख बाई कपाळावर हात मारणार आणि आतल्या पानावरचं नाव बहुतेक जाणार, हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं.

नवीन लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायचं, हाही नियमच होता. तिने पहिली ओळ सुरू केली.

टक्.

तिचं तोंड आपोआप मिटलं. ओळ फोटोशी ताडली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. तिने पुन्हा सुरुवात केली. टक्. काहीही चुकलेलं नसताना ठोका पडायची ही पहिलीच वेळ होती. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा ठोका टेबलाच्या सरांच्या टोकाकडून आला नाही. मधून आला.

"सर," ती म्हणाली, "वाचू द्या."

टक्. टक्.

तिने वाचायला घेतलं. शिलेदार घोड्यावरून उतरला, टक्, खंदकात शिरला, टक्, टक्, वरून मित्राने त्याला नावाने हाक मारली आणि त्याने मुठीत माती घेतली. शब्द मात्र धड निघत होते. एकतीस वर्षांत ठोका पडूनही ती थांबली नाही असं आज पहिल्यांदाच होत होतं. अकरावी ओळ आली तेव्हा ठोके तिच्या हातालगत, त्याच कागदावर पडत होते आणि लाल अक्षरं जागच्या जागी थरथरत होती. तिने दुसऱ्या हाताने कागद दाबून धरला आणि खालची आपली ओळही वाचली, 'चूक माझी.'